पाळी निवडा

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: शिफ्ट.
मग वाटलं, सोलापुरात आपला शब्द आहे की,
गिरण्यांच्या काळापासून घासून गुळगुळीत झालेला.
चौकटीवर टाकलं: पाळी निवडा.
नागमणी अक्काच्या हातात फोन दिला, चाचणीसाठी,
तर तिनं पदर तोंडाला लावला,
शेजारच्या शमशादला दाखवलं,
आणि मांडीवरचं विड्यांचं सूप कलंडेपर्यंत दोघी हसल्या.
"ही निवडता येते होय गं?"

शब्द बदलला. तुम्ही कधी मोकळ्या असता?
अक्का म्हणाली, मोकळी दोनदाच झाले.
एकदा राजू झाला तेव्हा, एकदा ह्यांनी सोडलं तेव्हा.
'रिकामी' लिहिलं तर शमशाद तडकली:
हजार विड्या, वर भाकऱ्या, वर पोरांचे डबे,
रिकामी कोण आहे इथं?

शेवटी नुसतं घड्याळ काढलं.
बोटानं काटा फिरवायचा.
अक्कानं दुपारी दोन ते चार ठेवले,
नळाचा दिवस सोडून.
नळाचा दिवस! माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता.
पाणी चार दिवसांआड येतं, कधी पाच,
आणि यंत्राला 'कधी' कळत नाही.

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात,
कोडम शेठ मागाच्या आवाजावरून ओरडून बोलले:
"ऑर्डर आली की माणूस पाहिजे.
ऑर्डर नाही, माणूस नाही. एवढंच बनव."
मग चहा मागवला. वाईट माणूस नाही.
निघताना म्हणाले,
"आणि नाही म्हणणाऱ्याला यादीत खाली टाक."
मी वहीत लिहून घेतलं.
रात्री ते एका ओळीत बसलं.
एका ओळीत! अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

तातय्या अकरा वर्षं बदली होता.
बदली म्हणजे भोंग्याआधी गेटवर उभं राहायचं.
कुणाचा खाडा पडावा असं मनात आणायचं नाही,
पण उभं राहायचं.
कुणाला ताप, कुणाकडे मयत,
मग मुकादमाचं बोट: तू.
उरलेले चौघे-पाचजण एकाच विडीवर परत.
हे सगळं तो तेलुगूत सांगायचा,
फक्त 'बदली' आणि 'खाडा' मराठीत.

चाचणीला खोटी माणसं लागतात.
कामगार एक, कामगार दोन, कंटाळा आला,
म्हणून भरलं: नरसय्या बिटला. वय सत्तावीस.
काम: साचा चालवणे. अनुभव: घरचा.
मोबाईल: माझाच.

काल पहाटे पाचला उशाशी फोन थरथरला.
मीच वेळ लावून विसरलेली चाचणी.
'आज सात वाजता. टॉवेल घडी. येणार?'
खाली दोन बटणं, हो आणि नाही.
अकरा वर्षांत त्याच्यापुढे कुणी
दुसरं बटण ठेवलं नव्हतं.
म्हणून अंथरुणातूनच, त्याच्या वतीनं,
फार मायेनं मी दाबलं: नाही.
झोप म्हटलं, आज झोप.

पांढऱ्या पडद्यावर चकतीनं एक गिरकी घेतली.
'नरसय्या, तुमचा क्रम आता एकशे चार आहे.'

ओळ माझीच.
अदबीनं लिहिलेली. 'तुमचा' घातलेला.

उठले. गल्लीत कुणाचे तरी साचे चालू होते,
ते रात्रभर चालू असतात, आपल्याला पहाटे ऐकू येतात.
दोनशे अकराव्या जागेवर ती ओळ सापडली.
खोडली. परत आणली. परत खोडली.
नऊला कोडम शेठचा फोन येईल.
काय सांगायचं ते सुचलेलं नाही अजून.
चहा टाकलाय.