चार्ज दिल्याची नोंद

लाकडी कपाट एक, कडी सैल.
खुर्च्या सात, त्यातली सरपंचांची हातांची.
जन्माच्या वह्या अकरा, मृत्यूच्या सहाच;
आमची माणसं मरायला नैरोबीला, कराचीला जात.
रबरी शिक्का एक.

नगरपालिकेचा पोरगा मान खाली घालून टिक करत होता.
विचारलं, बांध कुठल्या रकान्यात लिहू?
म्हणाला, स्थावराचा कागद वेगळा येईल.

अजून आला नाही.

नेरखण नावाचा गाव होता. म्हणजे आहे,
पण आता त्याला प्रभाग तेरा म्हणतात.
आधी तो दहा वांगडांचा होता.
पहिल्या वांगडाचा माणूस आल्याशिवाय
बैठक सुरू व्हायची नाही,
मग तो पेज जेवत असो की न्हात असो.
सातेरीच्या रोयणीपुढे नारळ ठेवून
त्यांनी खाऱ्या पाण्याशी बोलणी केली:
भरतीला मानशीचं दार बंद, ओहोटीला उघडं,
मधली चिखलाची जमीन आमची.
पाण्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
म्हणून दर वर्षी पेंढा आणि चिखल घेऊन
त्याला आठवण द्यायला जावं लागे.

मग पाखले आले. त्यांना सगळं कागदावर हवं होतं.
देवी एका रात्रीत नदीपलीकडे गेली,
रोयण मात्र इथेच वाढत राहिली.
प्रभू होते ते परेरा झाले
आणि बसले त्याच दगडावर, त्याच क्रमाने.
इश्क्रिव्हांव झोणाचे पैसे मोजी,
रेजेदोर वेताची काठी मोजी पाठीवर.

बायकांना झोण नव्हता.
त्या जाड वहीत रुमाल्दीनचं नाव एकदाच येतं,
दंडाच्या पानावर:
पावणी दुसऱ्याची असताना रात्री मानशीत जाळं टाकलं.
दोन रुपये. आणि जाळं जप्त.

पंचायत आली तेव्हा तिची सून निवडून आली,
कोंसेसांव, पायात चपला नव्हत्या.
पहिल्याच सभेत उभी राहिली,
सासूचे दोन रुपये परत मिळतील काय?
आणि जाळं?
इतिवृत्तात लिहिलंय: विषय पुढील सभेत घ्यावा.

पुढे कुळांना शेतं मिळाली.
बांध कुणालाच मिळाला नाही.
खेकड्यांनी भोकं पाडली, आम्ही ठराव पाडले,
एक वर्ष भात खारट झालं, एक वर्ष पेरलंच नाही,
मग टेकडीवर इमारती उगवल्या
आणि त्यांचे दिवे आमच्या पडीक शेतातल्या पाण्यात
रात्रभर जळू लागले.
लोक म्हणाले, शहर आलं.
शेवटच्या सभेला पाच जण होतो.
चहा गुणोने स्वतःच्या पैशाने आणला.

एक गोष्ट मी यादीत लिहिली नाही.
शिक्के दोन होते.
पहिला म्हापशाहून करून आणला तेव्हा
त्यावर 'ग्रामपंचयत' आलं, काना राहून गेला.
तो बाद केला, खणात पडून होता.
आता माझ्या घरी आहे.
नात त्याने वर्तमानपत्रावर, पोळपाटावर,
माझ्या मनगटावर शिक्के मारते.

शाई फिकी उठते.
कान्याची जागा रिकामी.
नेरखण मात्र नीट वाचता येतं.

आणि तो विषय,
दोन रुपये, एक जाळं,
अजून पुढील सभेत आहे.