कोर्टाबाहेर

शनिवार खुटाजवळ इमामसाबनं ते काट्यावर ठेवलं,
साडेचार किलो.
आत लोखंडच जास्त, तरी भाव ॲल्युमिनियमचा लावला.
घासाघीस केली नाही.
मूठ चामड्याची होती,
कुणाच्या तरी घामाच्या हाताला वळलेली.
तळाशी खिळ्यानं कोरलेलं:
सा. भ. कंग्राळकर, कोर्टाबाहेर.
घर नंबर नाही, गल्ली नाही.
कोर्टाबाहेर.

मग तीन आठवडे जेवणाचं टेबल माझं नव्हतं.
पेट्रोल, जुना टूथब्रश, शिलाई मशीनचं तेल.
पोटातून निघेल ते पेपरावर मांडत गेले:
खोडरबराचा भुगा, तपकीर,
मुंग्यांची एक रिकामी वसाहत,
लाटेच्या कडेचं दहा पैशांचं नाणं.
सातेरी असेल, की साताप्पा?
ज्याची तपकीर मी चमच्यानं काढतेय
त्याचं नावही मला पुरतं ठाऊक नाही.

अनुस्वाराची कळ दाबली की गाडा हलत नाही.
आधी टिंब, मग अक्षर.
मी विसरले होते,
बोटं विसरली नव्हती
इन्स्टिट्यूटमधली मिनिटाला चाळीस शब्दांची दुपार,
मागं पट्टी घेऊन फिरणाऱ्या देसूरकर बाई.

एक सोडून सगळ्या दांड्या उठल्या.
तिच्या टोकाला अक्षरच नव्हतं,
डागाचा नुसता टवका, पडक्या दाताच्या हिरडीसारखा.
कळीवरचा छापही पुसलेला.
रात्री साडेअकराला मी एकटी, मोठ्यानं
बाराखडीच्या शाळेतल्यासारखी
एकेक वर्ण म्हणत, एकेक कळ दाबत गेले.
ह पर्यंत सगळे हजर होते.

दुसऱ्या दिवशी झाकणाचं अस्तर उसवलं,
आत कार्बन. उजेडाला धरला.
एकावर एक चारपाच अर्ज,
त्यातला शेवटचा जरा ठळक:
मु. पो. बे गाव.
कृपया वे द्यावा.
मू कागद सोबत जोडला आहे.
आणि शाळेच्या जागी शा,
मग मोकळी जागा,
मग एक मात्रा, अधांतरी, खाली कुणी नसताना.
वरच्या प्रतीवर तो शाईच्या पेनानं ळ भरत असणार,
झाडाखाली, मांडीवर कागद घेऊन, एकेक.
कार्बनला ते कोण सांगणार?

उद्यमबागेत फकीरप्पा कम्मार
पंपाचे शाफ्ट कातून देतो.
दांडी बघून म्हणाला, "इदेन्री? कीटक काय?"
सांगितलं.
त्यानं कोपऱ्यातलं पोतं उपसलं.
कुठल्याशा सोसायटीचं मोडीत निघालेलं
कन्नड मशीन, निम्मं शाबूत.
"नाद सेमच की बाई. आमचा घाला.
तुमचा सापडला की परत द्या."
मी हसले. तो हसत नव्हता,
त्याची डागणी तापली होती.

ಳ.
पाव रेघ वर बसतो.
शेजारच्या दांडीला कोपर मारतो,
जोरात दाबलं तर कागदाला भोक.
पहिल्यांदा लिहिली ती वाण्याची यादी:
गूಳ, डाಳ, केಳी, तांदूಳ दोन किलो.
फकीरप्पानं चष्मा कपाळावर चढवला,
"ओदाक बरतैति," म्हणाला,
आणि सोल्डरचे वीस रुपये घेतले.
अक्षराचे नाही घेतले.

काल रात्री तो अर्ज पुन्हा टाइप केला.
कुणाला द्यायचा नाही,
ज्यांना दिला ते साहेबही आता नसतील.
बेಳगाव. वेಳ. मूಳ.
शाळेतल्या त्या मात्रेखाली
कुणीतरी येऊन उभं राहिलं.
ओळ संपताना घंटी वाजली, जरा घशात अडकल्यासारखी,
तिला अजून तेल हवंय.

अर्जदाराचं नाव कार्बनवर अर्धंच उमटलंय.
ते मी तसंच ठेवलं.