हात लावू नये

धंतोलीचं हेड ऑफिस, जिन्याखालची खोली.
बाहेर शेहेचाळीस, आत एसीचे अठरा,
मी मे महिन्यात स्वेटर घालून बसते.
कामठी शाखेतून अन्सारीचा चौथा फोन:
"मॅडम, निराधारवाल्या बाया दहापासून बसून आहेत,
स्क्रीनवर नुसतं गोल फिरून राहिलं."

स्विचला निळी वायर लावली. काळा पडदा.
ट्रेसरूट, पुढे कामठीचा पत्ता. एंटर.

हे मला धोबळेकाकांनी शिकवलं, खर्रा घोटत घोटत.
"सोपं हाय, पोरी.
पहिल्याले एकाच पावलाचं आयुष्य देऊन धाडाचं.
तो पहिल्या दारात मरते.
ज्याच्या दारात मेला, तो निरोप धाडते, माह्याकडं मेला म्हणून.
मंग दुसऱ्याले दोन पावलं. तिसऱ्याले तीन.
असा मरणाऱ्यायनं रस्ता कळते.
जो पोचते, तो फक्त पोचते."

आणि चांदण्या?
एखाद्या ओळीत पत्ताच नसतो, नुसत्या तीन चांदण्या.
"घाबराचं नाई. काही जण जाऊ देतात, बोलत नाईत.
माह्या सासऱ्यावानी."

आज चांदणी एकही नाही. सगळे बोलतायत.
एक: दहा, शून्य, चाळीस, नऊ.
दोन: आमचाच स्विच, ज्याच्यावर मी बसलेय तो.
तीन: दहा, शून्य, चाळीस, नऊ.
चार: पुन्हा आम्ही.
तहसीलमध्ये तीन नंबरची खिडकी म्हणते चारला जा,
चार म्हणते, तीनला विचारलं का?
तीस पावलांवर ट्रेसरूट दमला.

कॉन्फिग वर सरकवत गेले. सापडली ओळ:
कामठीचा राखीव रस्ता, गड्डीगोदामवरून,
मुख्य लाइन तुटली तरच उठणारा.
आणि त्या पोर्टच्या नावाच्या जागी, रोमन कॅपिटलमध्ये:
हात लावू नये, धोबळे.

गड्डीगोदामची शाखा बंद होऊन तीन वर्षं झाली.
तिथला राउटर उरकुडे साहेबांनी ऑटोत घालून आणला,
फुकट कशाला पडू द्यायचा म्हणून याच रॅकमध्ये, तळाला लावला.
त्याला एवढंच ठाऊक, जे कळत नाही ते हेड ऑफिसला धाडायचं.
आज कामठी रोडवर जेसीबीनं फायबर तोडली,
राखीव ओळ जागी झाली,
आणि बायांचे पैसे सकाळपासून
माझ्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंत वर-खाली करत राहिले,
हातभर पिवळ्या वायरीतून.

ओळ पुसायला स्विचवर खोडरबर नाही.
तीच ओळ पुन्हा लिहायची, आकडा न् आकडा,
आणि आधी 'नो' लावायचं.
तर धोबळेकाकांनी लिहिलेलं मी पुन्हा लिहिलं.
शेवटी त्यांचं दोनशे दहा.
कोणीही दोनशे लिहितं. वरचे दहा कशाला, विचारायचं राहिलं.
मागच्या पोळ्यापासून विचारता येत नाही.

कोराडीवरून नवा रस्ता घातला. ट्रेसरूट.
एक. दोन. तीन चांदण्या. चार, कामठी.
"आलं, आलं मॅडम," अन्सारी ओरडला,
मागून कुणी बाई म्हणाली, "माहा नंबर आदी होता बाप्पा."

मेमरीत अजून लिहिलेलं नाही.
म्हणजे लाइट गेली, यूपीएसनं दगा दिला,
तर स्विच उठेल तो जुनंच आठवत उठेल,
गड्डीगोदाम, दोनशे दहा, सगळं.
उरकुडे साहेबांचा फोन: "सेव्ह केलं ना?"
"करते सर," म्हटलं,
"डबा खाऊन येते आधी."