अकरावं प्रकरण

नळ आज पहाटे साडेतीनला आला.
पाचव्या दिवशी येतो, आणि वेळ सांगून येत नाही.
पिंपात पाईप सोडला, पायरीवर बसले,
लच्छूचा विचार करत राहिले.
लच्छू किल्ल्याखालच्या भुयारात अडकलाय,
सोबत एक शेळी, डावा कान अर्धा.
कान कसा तुटला ते मला ठाऊक आहे,
पुस्तकात ते येणार नाही.
भुयार मात्र येतं, दर पुस्तकात येतंच.
मुलांना लागतं, आणि खरं सांगायचं तर
एकसष्टाव्या वर्षी मलाही.

लिहिते मी सतरंजीवर. खुर्चीत बसलं की शब्द पेंगतात.
टॉवेलच्या कारखान्यातली जुनी चलनबुकं
दीर रद्दीत घालत होते, ती उचलून आणली.
पुढच्या बाजूला ‘सहा डझन, पांढरे, किनार लाल’,
मागच्या बाजूला माझा राक्षस.
पेन्सिल हवी बोटभर उरलेली;
नवी, लांब पेन्सिल हातात आली
की मी लगेच उपदेश करू लागते.

शेजारचे माग चालू असले की बरं.
खटाक् खट, खटाक् खट,
त्या मापावर वाक्य तुटतं, सांधतं.
वीज गेली, गल्ली गप्प झाली
की क्रियापद कुठं ठेवलंय ते सापडत नाही.

राजपुत्र मला कधी जमले नाहीत.
एकदा एक घेतला होता. त्याचे जोडे कोण पुसतं
हेच दोन दिवस सुचेना, दिला सोडून.

दुपारी भाग्या येते. भाग्यलक्ष्मी गुंडेटी, सहावीतली.
बाहेर चव्वेचाळीस. आई दारात
सूप मांडीवर घेऊन विड्या वळते,
ही आत फरशीवर पालथी पडून माझी पानं वाचते.
चूक सापडली की जिभेनं चक् करते.
आज चक् झालं चौथ्या चलनावर.

“पेद्दम्मा, किती दिवस झाले ह्याला आत?”
तीन, म्हटलं.
“मग खाल्लं काय ह्यानं?”
अगं, भुयार आहे, वटवाघळं आहेत,
दगडावर कोरलेली अक्षरं आहेत, पुढं वाच…
“ते असू दे की. खाल्लं काय?”

आईचा हात पानावर थांबला. दोरा दातात.
तीही माझ्याकडंच बघत होती.

चौदा पुस्तकं. मनात एकेक उघडून पाहिलं.
जहाज बुडालं, जंगल पेटलं, चोर सापडले,
एकाही पोरानं कधी जेवण मागितलं नाही.
आणि मी? भाकरीवर दही नसलं तर तोंड वाकडं करणारी,
शेंगाचटणी उखळातलीच लागते, मिक्सरची नको,
लसूण दाताखाली यायला हवा,
तेल बोटाला लागून वहीला लागायला हवं.
(तिसऱ्या प्रकरणावर डाग आहे. अजून आहे.)

संध्याकाळी मागं गेले, पहिल्या प्रकरणात,
लच्छू घरातून निघतो तिथं.
त्याच्या पिशवीत सात कडक भाकऱ्या घातल्या,
टिचकी मारली तर ताटलीसारख्या वाजणाऱ्या,
आणि वर्तमानपत्रात बांधलेली चटणी.
शेळीचं काय, ते काही सुचेना.
तेव्हा भाग्याच्या आईनं सूप पुढं सरकवलं,
कडेला कापून उरलेली पानांची कातरण.
“खातात शेळ्या,” म्हणाली.
एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बोलली पुस्तकाबद्दल.

त्याला अजून वर काढलेलं नाही.
बसलाय अंधारात, चावतोय. कुरुम, कुरुम.
शेळीही चघळतेय बाजूला.
मला आता घाई नाही.

फक्त पाण्याचं राहिलंय.
उद्या भाग्या विचारणारच.