नमुना क्रमांक तेवीस

दुधगावात एकसष्ट विहिरी मोजल्या.
प्रत्येकीच्या कठड्याशी उभं राहायचं,
यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं,
अक्षांश, रेखांश, मालकाचं नाव,
मग दोराला बांधून बाटली खाली.
काही कठड्यांच्या विटांना पांढरं फुटलेलं,
खरवडलं की नखात मीठ.
शेजारी उसाच्या सरीत पाट चालूच.

रात्री विश्रामबागच्या ऑफिसात
एकेका बाटलीत मीटर बुडवला,
आकडे भरले, संगणकाला म्हटलं, रंगव आता.
दोन विहिरींच्या मधली जमीन
तो आपल्या अंदाजानं भरून काढतो,
जिथं माझा पाय पडला नाही तिथंही.
वारणेच्या कडेनं हिरवं,
मधल्या मळ्यांत पिवळं,
खालचं शिवार लालभडक.
खाऱ्याची रेघ उमटली,
आणि रेघेपासून प्रत्येकीचं अंतर:
पाचशे दहा मीटर, दोनशे चार,
एकीचं नुसतं अठरा.

लाल रानाच्या ऐन मध्यात
एक हिरवा ठिपका.
नमुना तेवीस. बाळगोंडा मगदूम. गोड.
इतकं गोड की वारणेलाही जमू नये.

साहेब म्हणाले, झरा असेल एखादा.
मी दोन दिवस त्या झऱ्यापाशी बसून होतो.
काळ्या रानाखाली, पन्नास फुटांवर,
चारी बाजूंनी खार चालून आलेला
आणि मधे एवढंसं कुणी राखून ठेवलेलं.
खोटं वाटत होतं.
खोटं निघू नये असंही वाटत होतं.

मंगळवारी परत गेलो.
मगदूम साखर कारखान्यावर. राजमतीबाई घरी.
मी बाटली दाखवली.
त्यांनी ओळखली, आणि आधी हसल्या.
“त्या दिशी तुमचा दोर तुटला न्हवं का?
तुमी बसला सावलीत, बाटली दिली माज्याकडं.
म्या जारमदलं भरलं.
पाव्हण्याला खारं पाणी कसं द्याचं वं?
त्यात डाळ शिजंना, चहा फाटतोय.
गावाचं नाव दुधगाव, बगा की.”

मग दोघांनी मिळून दोर सोडला.
मीटरवरचा आकडा चढत गेला, चढतच गेला.
त्या वाकून बघत होत्या,
शाळेच्या निकालाकडं बघावं तशा.
थांबल्यावर विचारलं, “लईच हाय?”
मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते आठवत नाही.

रात्री ठिपका पुसला.
लाल रंग चहूकडून येऊन मिळाला,
आवाज झाला नाही.
अंतर या रकान्यात: शून्य मीटर.
शेरा या रकान्यात पन्नास अक्षरं मावतात.
‘दोर तुटला होता’ असं लिहून
पुढची जागा कोरी ठेवली.

साहेबांनी विचारलं, जुनी बाटली कुठंय, जमा करा.
जुनी बाटली रिकामी होती.
समडोळीच्या फाट्यावर, भर उन्हात, गाडी थांबवून
मी ती पिऊन टाकली होती.