दुरुस्तीची वही

ब्रनोत, ट्रामच्या वळणावर माझं दुकान आहे.
पाटीवर नुसतं आडनाव: झावर्झेल.
खाली वडिलांनी रंगवलेली एक क्लॅरिनेट,
तिला दोन चाव्या जास्तच आहेत.
फुंकणारे येतात, हवा कुठून गळते ते सांगतात
आणि बहुतेक वेळा चुकीचं सांगतात.

वेंदुला पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची,
ओबो काकाच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
वहीत लिहिलं: बूच चार, स्प्रिंग एक,
पैसे पुढच्या महिन्यात.
पुढचा महिना आठ महिन्यांनी उगवला.
पैशांबरोबर मोजाही आला, धुतलेला, मला भेट.
एकच.

मग ती जगाची झाली.
तिची कीर्ती माझ्यापर्यंत अशी पोचायची:
माँट्रियलच्या थंडीनं वरच्या सांध्याला तडा,
केसाएवढा, दिव्यासमोर धरला तरच दिसणारा;
मनिलाच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड;
ब्वेनोस आयरेसहून एका चावीखाली
ओल टिपायला ठेवलेला, विसरलेला सिगारेटचा कागद,
त्यावर पेन्सिलीनं कुणाचा तरी फोन नंबर.
तो मी फेकला नाही.
विचारलंही नाही.

वर्तमानपत्रं लिहायची, हिचा श्वास संपतच नाही.
बरोबर आहे. ओबोवाल्याचा श्वास संपत नाही, उरतो.
फट इतकी बारीक की छातीभर हवा
आतल्या आत शिळी होते
आणि नवी घेण्याआधी
जुनी टाकून द्यावी लागते, दोन ओळींच्या मध्ये, घाईनं.
"दम लागतो तो याचाच," ती म्हणाली होती,
"न वापरलेल्याचा."
मी तेव्हा बूच कापत होतो.

रात्री हॉटेलांत ती बोरू तासायची.
दक्षिण फ्रान्सचा बोरू, दोन उन्हाळे वाळवलेला.
त्याची जिभली करायची, दोऱ्यानं आवळायची.
दहांतली एक बोलायची,
तीही आठवडाभर.
विमानतळांनी तिचे अकरा चाकू ठेवून घेतले.
बक्षिसं किती, ते तिला आठवून सांगावं लागे.
चाकू पाठ होते.

मैफलीआधी शंभर वादक गप्प होतात
आणि ओबो एक सूर देतो.
सगळ्यांनी त्याच्याशी आपला सूर मिळवायचा.
लोक तेव्हा खोकून घेतात.
मी तिचा तेवढाच सूर ऐकलाय,
इथे, या स्टुलावर, दुरुस्तीनंतर,
एकतीस वर्षं.
तिकिटं ती पाठवायची.
पण संध्याकाळी आईचं इन्सुलिन असायचं,
आणि आई गेल्यावर, खरं सांगायचं तर,
सवय मोडली नाही.

गेल्या नोव्हेंबरात आली. पेटी टेबलावर ठेवली.
"गळतंय."
मी भोकं बुजवून हवा ओढून पाहिली.
प्रत्येक गादीखाली कागद सरकवला.
सगळ्या गाद्यांनी कागद धरला.
"कुठेच गळत नाही," मी म्हणालो.
तिनं ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"इथून."

डॉक्टरांनी दिलेला शब्द लांबलचक होता, ग्रीक.
तिसऱ्या मिनिटाला कोपरा उघडतो,
ऐकत नाही, बास.
ओठाचे सुटे भाग माझ्याकडे मिळत नाहीत,
असं काहीतरी मी बोलून गेलो
आणि ती हसली.
हसताना तो कोपरा अगदी नीट चालत होता.

ओबो ठेवून गेली.
"आठवड्याला एकदा फुंक. लाकूड विसरतं."

मला वाजवता येत नाही.
गुरुवारी शटर ओढून मी तो जुळवतो.
अंगठ्याखालच्या पट्टीवर चांदी झिजून
तिच्या अंगठ्याएवढा पितळी ठिपका पडलाय.
माझा अंगठा त्याच्या बाहेर येतो.
फुंकतो. जो निघतो तो तिचा सूर नव्हे,
शेजारचा कुणीतरी.
वळणावर ट्राम घंटा देते,
तीच माझ्याहून सुरात असते.
वहीत लिहितो: गुरुवार. फुंकला.
पैशांच्या रकान्यात काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.