जवारी

स्टॉकपोर्टला, रेल्वेच्या विटकरी कमानींखाली
डेरेक ऑग्डनचं गिटारचं दुकान आहे.
वरून गाडी गेली की भिंतीवर टांगलेली वाद्यं
कुणी न छेडता थोडं थोडं बोलतात.

हा तिसरा शनिवार.
या खेपेला अँपही आणलाय घरून,
भाजीच्या चाकवाल्या पिशवीत कोंबून, बसनं.
ड्रायव्हर म्हणाला, पिशवीचंही तिकीट लागेल.
हसला नाही, म्हणून मी सुटे काढले.

दुकानातल्या अँपवर पेडल पसंत करायचं म्हणजे
दुसऱ्याच्या पायात घालून चप्पल घ्यायची.
हे माझे शब्द. डेरेक एवढंच म्हणाला होता,
तुझा आण.

पहिलं पेडल सोनेरी, किंमत माझ्या आठवड्याच्या पगाराएवढी.
आवाज गिटारचाच, फक्त जरा मोठा:
पाहुणा आला, आणि पाणीसुद्धा न पिता गेला.
दुसरं निळं. त्यानं आधीच्या धारेला अजून धार लावली,
माझी दाढ ठणकली.
तिसऱ्याचं नाव कुठल्याशा राक्षसाचं.
सहाही तारांचं एकच पिठलं.
पिठल्याशी माझं वैर नाही,
पण त्यातला कांदा दिसायला हवा.

दोष पेडलांचा नाही.
माझी गिटार हडकुळी, नुसती किणकिणणारी,
अँप अमेरिकन घाटाचा: खाली गाजतो, वर चकाकतो,
मधे पोकळ.
दोघांनी मिळून जे वाजतं, त्याला पोटच नाही.

मिरजेत अब्बा तंबोऱ्याची घोडी कानसायला बसत
तेव्हा आधी गिऱ्हाइकाला विचारत:
गाणार कोण? पट्टी कुठली? खोली केवढी?
नुसती चांगली जवारी अशी काही चीज नसते, म्हणत.
ज्या भोपळ्यावर बसायचीय, त्याला विचार.
मग तारेखाली सुती दोरा सरकवत,
केसभर पुढं, केसभर मागं,
आणि एका जागी त्यांची मान हलायची.
त्या जागेला नाव नव्हतं.
मी तेव्हा बाहेर, क्रिकेटच्या स्कोअरकडं कान लावून.

कुणाबरोबर वाजवतोस, डेरेक विचारतो.
गुरुवारी, हॉस्पिटलच्या लाँड्रीतली मंडळी.
ड्रमवर फिलोमिना, तिला हळू वाजवणं ठाऊक नाही.
आणि घरी?
घरी भिंतीपलीकडं मिसेस हॅल्क्रो शब्दकोडी सोडवतात.
त्यांच्या कपातला चमचा वाजता कामा नये.

तो काउंटरखालून एक हिरवी डबी काढतो.
वापरलेली, एक स्क्रू कमी,
पाठीला चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं इंग्रजीत:
केव्हचं आहे, उसनं देऊ नका.

गेन जवळजवळ बंद ठेव, तो म्हणतो. लेव्हल तीनच्या काट्यावर.
स्वतः हात लावत नाही. मला वाकू देतो.

हळू छेडलं तर शहाण्यासारखं बोलतं,
जोरात मारलं की सूर कडेनं उसवतो.
डबी फार काही करत नाही,
माझ्याच अँपच्या जुन्या व्हॉल्व्हला कोपरानं ढोसते:
ऊठ, तुला येतं हे.
आणि मधली पोकळ जागा भरते,
ओल्या वाळूत पाऊल भरावं तशी.

मी गुडघ्यावर बसून अँपच्या लाकडाला कान लावतो.
काय शोधतोयस?
दोरा, मी म्हणतो, मराठीत.
त्याला कळत नाही. टोनचं बटण मी केसभर मागं घेतो,
आणखी अर्धा केस.
डेरेक चहाचा मग खाली ठेवतो.

साठ म्हणाला, पन्नासला दिलं.
बॅटरीचे वेगळे घेतले, त्यात त्यानं सोडलं नाही.

केव्ह कोण, ते मी विचारलं नाही.
पट्टी तशीच ठेवलीय.